हातानं उभे केलेले सर्वर

नांदेडच्या त्या कंपनीत मंजुश्रीला सगळे 'सर्वरवाली मॅडम' म्हणायचे आणि तिला ते मनातून आवडायचं.

शहरातल्या भाग्यनगर भागात कपड्याच्या एका दुकानावर कंपनीचं ऑफिस होतं. नांदेड आणि लातूरच्या क्लासेसच्या सराव परीक्षा ऑनलाइन घ्यायच्या, हा कंपनीचा धंदा. रविवारी सकाळी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेली हजारो पोरं कुठं हॉस्टेलात, कुठं क्लासच्या संगणकापुढं बसायची आणि सगळी एकदमच पेपर उघडायची. आठवडाभर दोन सर्वरवर निभणारं काम रविवारी दहा-बारा सर्वर मागायचं. हे सर्वर काही ऑफिसात मांडून ठेवलेले नव्हते. क्लाउडवर, म्हणजे दूर मुंबईतल्या एका मोठ्या केंद्रात, हवे तेवढे भाड्यानं मिळायचे. शनिवारी उभे करायचे, रविवारी पेपर संपला की बंद करायचे. हे उभे करायचं काम मंजुश्रीचं.

ती ते हातानं करायची. मशीन केवढं घ्यायचं, त्यात सिस्टीम कोणती, बाहेरच्यांना कोणती वाट उघडी आणि कोणती बंद, हे स्क्रीनवर एकेक निवडायचं. मशीन जागं झालं की आत शिरून एकामागून एक कमांड देत परीक्षेचं सॉफ्टवेअर चढवायचं, प्रश्नपेढीशी जोडायचं, घड्याळ आपल्या वेळेला लावायचं. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. हे सगळं कुठं लिहिलेलं नव्हतं. तिच्या बोटांत होतं. हातानं केल्यामुळं सगळे सर्वर वरून सारखे दिसले तरी आतून सारखे नसायचे. एखाद्यात एक सेटिंग राहून जायची, एखाद्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती नवी चढायची. रविवारी त्यातला एखादा अडला की तो का अडला हे फक्त मंजुश्रीच सांगू शकायची. त्यामुळं रविवारी ती नसली तर चालायचंच नाही. पहिली काही वर्षं हे तिला ओझं वाटलं. मग ते तिच्या अंगाला दागिन्यासारखं बसलं.

ती देवणीजवळच्या एका खेड्यातली. बाप गुरुपादप्पा बिरादार, आई शिवकांता. घरची शेती, गोठ्यात देवणी जातीची जनावरं. मंजुश्री एकुलती एक. तिला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं तेव्हा भावकीतल्या लोकांनी गुरुपादप्पांना बरंच ऐकवलं होतं. ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत. प्रवेशाच्या दिवशी धोतर-टोपी घालून कॉलेजच्या व्हरांड्यात दिवसभर उभे राहिले आणि काम झाल्यावर म्हणाले, "आता तू तुझं बघ. मला यातलं काय कळत न्हाई." पुढं तिला नोकरी लागली तशी गावात कुणीही भेटलं की ते सांगायचे, "आमची मंजू परीक्षेच्या मशिनी उठवती. ती बसल्याबगर पेपर सुरू होत न्हाई." हे वाक्य ती गावाकडं गेली की तिच्या कानावर यायचं, आणि नांदेडला परतताना ती तेच मनात घोळवत यायची.

ऑफिसात सुदर्शन नावाचा एक सहकारी होता. मुदखेडहून रोज रेल्वेनं यायचा. शांत माणूस, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. एका दुपारी तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"ताई, एक सुचवू का? राग येणार नसला तर."

"बोल की."

"आपण दर शनिवारी तेच ते निवडून राहिलो. ते एकदाच ठरवून नाव देऊन ठेवता येतं. लॉन्च टेम्प्लेट म्हणतात त्याला. मशीन केवढं, सिस्टीम कोणती, वाटा कोणत्या, सगळं त्यात. मग फक्त किती पाहिजेत तो आकडा टाकायचा. आणि तुम्ही आत जाऊन ज्या कमांडा देता त्या एका स्क्रिप्टमध्ये लिहून टेम्प्लेटला जोडायच्या. मशीन पहिल्यांदा जागं झालं की आपलं आपण सगळं करून घेतं. दहा घ्या नाहीतर पन्नास, सगळे हुबेहूब."

मंजुश्री हसली. "सुदर्शन, कागदावर हे बरं दिसतं. प्रत्येक क्लासचं वेगळं असतं. कुणाला काय लागतं ते बघून करावं लागतं."

"वेगळं असलं तर वेगळं टेम्प्लेट करू. बदल केला तर त्याची नवी आवृत्ती होती, जुनी पण राहती. तुम्ही सांगत जा, मी लिहितो."

"बघू. ही परीक्षा होऊ दे."

कंपनीचे मालक वैजनाथ सर आपल्या टेबलावरून ऐकत होते. ते म्हणाले, "मंजुश्री, सुदर्शन बरोबर बोलून राहिला. उद्या तुला ताप आला तर आपण काय करायचं?"

"आजपर्यंत आला का सर ताप?" ती म्हणाली, आणि सगळे हसले. विषय तिथंच राहिला.

टेम्प्लेट म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनं कधीच वाचलं होतं. एकदा मोकळ्या दुपारी करूनही बघायला बसली होती आणि अर्ध्यात सोडून दिलं होतं. ते जमलं असतं हे तिला त्या दिवशीच कळलं होतं. आकडा टाकला की सर्वर उठणार असतील, तर तो आकडा कुणीही टाकेल. मग सर्वरवाली मॅडम कशाला लागेल, हा प्रश्न तिनं स्वतःला स्पष्ट विचारला नाही. पण टेम्प्लेटची खिडकी पुन्हा उघडलीही नाही.

त्याच पावसाळ्यात गुरुपादप्पा एकदा फोनवर म्हणाले, "मंजू, सांजच्याला दिव्याभोवती रंगीत कडं दिसून राहिलं गं. इंद्रधनुष्यावानी. डोस्कं बी ठणकतंय."

"चष्म्याचा नंबर बदलला असंल, आप्पा. मी आले की जाऊ दुकानात."

चष्मा बदलला. कडं गेलं नाही. पण ते फारसे मनावर घेईनात. रोज सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे, त्याच्यावर नजर ठेवून बराच वेळ बसायचे. तळहातावरचं लिंग त्यांना स्वच्छ दिसत होतं, म्हणून डोळे चांगले आहेत असं ते धरून चालले. शेजारी ठेवलेली फुलं मात्र त्यांचा हात चाचपडत शोधायचा. शिवकांताबाईंनी ते पाहिलं आणि लेकीला फोन केला.

"तुझ्या आप्पाला समोरचं दिसतंय, बाजूचं दिसंना झालंय. परवा दाराच्या चौकटीला धडकले."

उदगीरला डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. शेजारचे मलप्पा त्यांना आपल्या जीपमधून घेऊन गेले. शिबिरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काचबिंदू दिसतो, लातूरला मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. मलप्पा म्हणाले, "काका, उद्याच जाऊ लातूरला. गाडी हायच."

संध्याकाळी गुरुपादप्पांनी लेकीला विचारलं. मंजुश्री म्हणाली, "आप्पा, तुम्ही त्यांच्यासोबत नका जाऊ. डॉक्टर काय बोलतो ते त्यांना कळायचं न्हाई. मी येते, मी घेऊन जाते. एवढा रविवार होऊ द्या."

"हाव," ते म्हणाले. "तू म्हणतीस तसं."

तिला खरंच जायचं होतं. सोमवारची रजाही तिनं मनात धरली होती. पण त्या रविवारी एका क्लासनं पेपर मंगळवारवर ढकलला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन परीक्षा लागोपाठ आल्या. मग दिवाळीच्या आधीची मोठी चाचणी आली. दर वेळी ती फोन करायची, "आप्पा, पुढच्या आठवड्यात नक्की." दर वेळी ते म्हणायचे, "पोरांचं नुकसान नको व्हायला. माझं काय, आज न्हाई तर उद्या." वैजनाथ सरांनी कधी रजा नाकारली नाही. तिनं मागितलीच नाही. दिवाळी झाली, थंडी पडली. आपण नसलो तर काय होईल हे ती सगळ्यांना पटवून देत होती, आणि सगळ्यांच्या आधी ते तिला पटलं होतं.

थंडी सरता सरता एका सकाळी गुरुपादप्पा गोठ्यात गेले. दावणीला बैल आडवा उभा होता. तो बाजूनं मान वळवतोय हे त्यांना दिसलंच नाही. शिंग बरगडीला लागलं आणि ते खाली बसले. बैल गरीब होता म्हणून थोडक्यात निभावलं. शिवकांताबाईंचा फोन आला तेव्हा त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत.

"तुला येणं जमत नसंल तर तसं सांग. म्या घेऊन जाते. म्हातारा तुझ्यासाठी खोळंबून राहिलाय."

मंजुश्री त्याच आठवड्यात निघाली. बुधवारी एका क्लासचा पेपर होता. त्याचे सर्वर तिनं आदल्या दिवशीच उभे करून ठेवले आणि उदगीरची बस धरली. सकाळी मलप्पांनी जीप काढली आणि बापलेक लातूरला आले. दवाखान्यात गर्दी होती. डोळ्यांत थेंब घातले, यंत्रावर डोळ्यांतला दाब मोजला, एका पांढऱ्या वाटोळ्या यंत्रात तोंड घालून ठिपके दिसतात का ते विचारलं. गुरुपादप्पा बराच वेळ बटण दाबतच नव्हते. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "आजोबा, दिसला की दाबा." ते म्हणाले, "दिसला की दाबतोच की, बाई."

मग दोघं डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली आणि मंजुश्रीचा फोन वाजला. सुदर्शन होता.

"ताई, क्लासवाल्यांनी सांगितल्यापेक्षा दुप्पट पोरं बसवली. पेपर सुरू व्हायला वेळ हाय थोडा, पण एवढ्या सर्वरवर झेपणार नाही. अजून चार उभे करावे लागतात. मला सगळं येत नाही, तुम्ही सांगता का?"

ती उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली. सांगायला लागली. मशीन कोणतं, सिस्टीम कोणती. मग कमांड. पण बोटांत असलेलं तोंडात येईना. ती डोळे मिटून हवेत बोटं हलवायची आणि मग सांगायची. मध्येच, "थांब, त्याच्या आधी एक आहे," म्हणून मागं जायची. सुदर्शन विचारायचा, "ही फाइल कुठं असते, ताई?" आणि तिला ती असते कुठं हे हात लावल्याशिवाय आठवत नव्हतं.

तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं. "गुरुपादप्पा बिरादार."

त्यांनी जरा मान वळवून तिला शोधलं. तिनं हात वर करून, आलेच, थांबा, अशी खूण केली. पण ती त्यांच्या नजरेच्या बाजूलाच राहिली. त्यांना ती खूण दिसली नाही. थोडं थांबून ते उठले, भिंतीला हात लावत लावत आत गेले आणि दार लागलं.

मंजुश्रीनं ते पाहिलं. फोन ठेवावा असं तिला वाटलं, आणि तिनं ठेवला नाही. चौथा सर्वर राहिला होता.

ती आत गेली तेव्हा बोलणं संपलेलं होतं. गुरुपादप्पा स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या.

"झालं गं बोलणं," ते म्हणाले. "चल."

"काय म्हणाल्या?"

"थेंब टाकायचे. चल, मलप्पा खोळंबलाय."

तिनं त्यांना बाहेर बसवलं आणि पुन्हा आत गेली. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही मुलगी का? मी आजोबांना सगळं सांगितलंय. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्यात मधला थोडा भाग राहिलाय, नळीतून बघावं तसा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची. आता दाब उतरवायला ऑपरेशन करावं लागेल."

"शिबिरात सांगितलं होतं तेव्हाच आलो असतो तर?"

त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "तेव्हा आला असता तर तेव्हा जेवढं होतं तेवढं बहुतेक राहिलं असतं."

"हे पण तुम्ही त्यांना सांगितलं का?"

"त्यांनी विचारलं. म्हणून सांगितलं."

जीप गावाकडं निघाली. निलंग्याच्या पुढं आल्यावर गुरुपादप्पांनी विचारलं, "तुझं काम झालं का गं? पोरांचा पेपर अडला न्हाई न्हवं?"

"न्हाई, आप्पा," ती म्हणाली.

ते खोटं होतं. फोनवरून चार सर्वर उभे केले, पण घड्याळ आपल्या वेळेला लावायची एक ओळ सांगायची ती विसरली होती. ते चार सर्वर परदेशी वेळेवर, साडेपाच तास मागं चालत होते. त्यांच्यावर गेलेल्या पोरांना पडद्यावर एकच वाक्य दिसत राहिलं: पेपर अजून सुरू झालेला नाही. क्लासवाले भडकले, पेपर पुन्हा घ्यावा लागला, वैजनाथ सरांना लातूरला जाऊन हात जोडावे लागले. बापाला एकट्याला त्या खोलीत जाऊ दिलं ते ज्या कामासाठी, ते कामही धड झालं नव्हतं.

ऑपरेशन झालं. बापाजवळ राहून ती नांदेडला परतली ती थेट सुदर्शनच्या टेबलाशी गेली.

"बस," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही. नाहीतर मी लिहिते, तू विचार."

त्यानं कशाला, कसं, आताच का, काही विचारलं नाही. दोघांनी एक कोरा सर्वर घेतला आणि तिनं नेहमीसारखं हातानं सगळं करायला सुरुवात केली. तिनं कमांड दिली की तो थांबवून विचारायचा, "हे कशासाठी?" बऱ्याच ठिकाणी तिच्याकडं उत्तर होतं. काही ठिकाणी नव्हतं. एक सेटिंग ती दोन वर्षं दर शनिवारी करत आली होती आणि ती कशासाठी होती हे तिला सांगता येईना. काढून बघितलं, काहीच बिघडलं नाही. प्रत्येक क्लासचं वेगळं असतं असं ती म्हणत आली होती. बघायला गेल्यावर फरक निघाला फक्त नावाचा आणि प्रश्नपेढीच्या पत्त्याचा. घड्याळाची ओळ तिनं स्वतः टाइप केली, स्क्रिप्टच्या अगदी वरती.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्क्रिप्ट मध्येच अडकली. सॉफ्टवेअर पूर्ण चढायच्या आधीच ते सुरू करायला बघत होती. सुदर्शननं नोंदी वाचून ओळी वरखाली केल्या, टेम्प्लेटची नवी आवृत्ती केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आकड्याच्या चौकटीत बारा टाकलं आणि माउस तिच्याकडं सरकवला.

"तुम्ही दाबा, ताई."

तिनं दाबलं. यादीत बारा नावं उमटली. थोड्या वेळानं एकेकापुढं हिरवी खूण यायला लागली. हात कुणीच लावत नव्हतं. ऑफिसातला चहा आला, तिनं अर्धा प्यायला, तोवर बाराही तयार होते. आत शिरून तिनं एकेक तपासला. घड्याळ बरोबर, आवृत्ती तीच, वाटा त्याच. बाराच्या बारा सारखे.

सुदर्शन खुशीत होता. वैजनाथ सर मागं येऊन उभे राहिले होते. मंजुश्री पडद्याकडं बघत बसली. दोन दुपारींचं काम होतं ते. पावसाळ्यात झालं असतं. शिबिराच्या आदल्या आठवड्यात झालं असतं. तिनं डोळ्यांवर रुमाल धरला. सर हळूच म्हणाले, "तू घरी जा आज. शनिवारी पण येऊ नको."

"शनिवारी तर करायलाच काही नाही आता, सर," ती म्हणाली.

तिची नोकरी गेली नाही. ज्याची तिला भीती होती ते काहीच घडलं नाही. उलट कंपनीनं लातूरला छोटं ऑफिस काढलं तेव्हा सरांनी तिलाच विचारलं आणि ती गेली. गाव तिथून जवळ. दर काही महिन्यांनी ती बापाला दाब मोजायला नेते, आधी दिवस ठरवून, आणि ठरलेला दिवस अजून एकदाही हुकलेला नाही. डाव्या डोळ्यात राहिलं होतं तेवढं राहिलंय. सर्वर आता कुठल्याही रविवारी कुणीही उभे करतं. तिला सर्वरवाली मॅडम कुणी म्हणत नाही. नव्या पोरांना तर ते नाव माहीतही नाही.

लातूरला आल्यानंतरच्या एका रविवारी ती गावाकडं होती. सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. तिनं आप्पांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि ते मान मागं टाकून डोळे मिटून बसले. आत शिवकांताबाई भाकरी थापत होत्या.

"आज रविवार न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"हाव."

"मग आज परीक्षा न्हाई का?"

"हाय. मोठी हाय आज. दोन्ही जिल्ह्यांतली पोरं बसलीत."

"आणि तू हितं?"

"माझ्याबगर होऊन राहिली, आप्पा. सगळं एकदा लिहून ठेवलंय. आता मशिनी आपल्या आपण उठत्यात."

मिटलेल्या पापणीखालून थेंब ओघळला तो त्यांनी धोतराच्या सोग्यानं टिपला. मग त्यांनी विचारलं. आवाजात कसलाच ठपका नव्हता. खरोखरच ठाऊक करून घ्यायचं म्हणून विचारावं तसं विचारलं.

"हे आधी जमण्यासारखं न्हवतं का?"

आतला भाकरीचा आवाज थांबला.

"जमण्यासारखं होतं," मंजुश्री म्हणाली. "मीच केलं न्हाई."

गुरुपादप्पांनी मान हलवली. मग त्यांनी हात पुढं केला. कुठं, ते नेमकं कळत नसल्यासारखा हवेत धरला. तिनं तो आपल्या हातात घेतला, तेव्हा ते म्हणाले, "उन्हातून जरा आत घे मला."

तिनं त्यांना उठवलं आणि उंबऱ्यापाशी आल्यावर सांगितलं, "पाय उचला, आप्पा."